मीटर मधी बंद हुतं

मीटरवर एक लाख चौदा हजार.
मी चोवीस वर्षं सांगली डेपोत वाहक,
खोटं वेबिल मला वासावरून कळतं.

इंडिका. डिझेल. दोन हजार सात. रंग म्हणे पिस्ता.
मालक लेंगऱ्याचे विलास निकम, सेलमला गलाईचं दुकान.
दिवाळी, यात्रा, लग्नसराई, मयती,
गाडी तिकडून हिकडं, हिकडून तिकडं.
त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर
मी फेऱ्या मांडल्या.
क्लचचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय,
ते लाखभराचं काम नव्हे.
निकम बशीतल्या चहाकडं बघत राहिले.
"मीटर मधी दोन-तीन वर्षं बंद हुतं, ताई."
"दोन, का तीन?"
"पाच."
पंच्याहत्तरची गाडी अठ्ठावन्नाला बसली.

कुपवाड फाट्याला गुलाब नदाफांचं गॅरेज,
म्हणजे एक लिंब, एक खड्डा आणि चार पत्रे.
त्यांनी चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढलं,
भोकावर तळहात धरला,
पोराचा ताप बघावा तसे डोळे मिटले.
"जीव हाय. पर पाणी पितंय."

हेड उतरलं. गॅस्केट काळी,
एके जागी दात पडल्यासारखी.
टायमिंगचा पट्टा, वॉटर पंप, पुढचे बुश, रेडिएटरचा पाइप,
दर आठवड्याला एक शब्द शिकले
आणि दर शब्दाची पावती मागितली.
"गॅरेजात पावती, बाई?"
मग मीच लिहायची. तारीख, रक्कम.
ते ग्रीसच्या बोटानं सही करायचे.

एक्केचाळीस हजार.
पोरगा पुण्याहून म्हणाला, अगं, एवढ्यात ह्याच्यात थोडे घालून
नवी स्कूटी आली असती.
स्कूटीला पाठ टेकता येत नाही, मी म्हटलं.

मागची सीट काढली त्या दिवशी
सात चिंचोके निघाले,
काड्यापेटीचं तमिळ अक्षरांचं झाकण,
आणि तान्ह्या पोराच्या पायातला एक वाळा, काळाठिक्कर.
निकमांना फोन लावला.
बराच वेळ नुसता भट्टीचा आवाज.
"दीपालीचा हाय. बारशात गेला त्यो.
त्यापायी धाकट्या भावाशी
सा वर्षं बोललो न्हाई मी."
मी पुढं काही विचारलं नाही.
प्रवाशाच्या पिशवीत काय आहे ते विचारायचं नसतं.
वाळा पुढच्या कप्प्यात आहे.
नेतो म्हणालेत. आले नाहीत अजून.

पासिंग झालं, पाच वर्षांचं.
गॅरेजातून काढायच्या दिवशी चावी अर्धी फिरवली,
हीटरचा पिवळा दिवा विझू दिला,
गाडी धडधडून जागी झाली,
आणि मी तशीच बसून.
नदाफ खिडकीशी वाकले. "काय ऱ्हायलं काय?"
काही नाही म्हटलं.
दोन घंट्यांची वाट बघत होते.

डाव्या मागच्या दाराचा खडखडाट तेवढा गेला नाही.
तीनदा खोललं. स्क्रू आवळले, फोम भरला,
मिरज ओलांडली की परत सुरू.
"असू दे की एक," नदाफ म्हणाले,
"न्हाईतर चालवताना डोळा लागंल तुमचा."

काल तानंग फाट्यावर एका बाईनं हात केला,
एसटीला करतात तसा, खालवर,
गाडी कुठली आहे हे न बघता.
पायाशी कोथिंबिरीचं गाठोडं.
थांबले. मागं बसली. गाठोडं मांडीवर घेतलं
आणि कनवटीची गाठ सोडायला लागली.
"टाकळीचं अर्धं किती गं?"

माझा हात खांद्याकडं गेला.
तिथं पट्टा नव्हता.
"दार," मी म्हटलं, "जरा जोरात वढा."